डाव्या हाताचा कोयता

माझं गाव दापोलीच्या खाली, खाडीच्या काठाला, नाव सांगून तुम्हाला काय बोध होणार नाय, एक मशीद, एक खोताची आंब्याची बाग आन बाकी सगळी आमच्यासारखी हातावर पोट असलेली. अब्बा त्या बागेत कामाला. बाग म्हटली की तिला वई पायजे, वई म्हंजे काटेरी कुंपण, पाऊस सरला की रानातनं करवंदीचे आन बोरीचे फांटे तोडून आणायचे, खुंट ठोकायचे, त्यांच्यातनं ते फांटे आडवे गुंफायचे आन वरनं दाबून बसवायचे, गुरांचं तोंड आत जाता कामा नये. हे एकट्याचं काम नाय. एक माणूस बागेच्या आतनं, एक बाहेरनं, समोरासमोर. आतनं अब्बा आन बाहेरनं रावजी, आमचा कुणबी शेजारी, आन तो रावजी डावरा, म्हंजे डावखुरा. खोत मुद्दाम त्यालाच बोलवायचा, का तर उजवा आन डावरा समोरासमोर उभे राहिले की दोघांचे कोयते एका अंगाला चालतात आन काटे धरणारे हात दुसऱ्या अंगाला राहतात, कोणाचं बोट जात नाय.

कोयत्याचं एक सांगतो, ते कळलं की पुढचं सगळं कळेल. आमच्या कोयत्याला धार एकाच बाजूनं काढतात. एक अंग सपाट आन दुसऱ्या अंगाला उतार. उजव्या माणसाच्या कोयत्याचं सपाट अंग लाकडाकडे असतं, म्हणून तो लाकडात बसतो. तोच कोयता डाव्या हातात घेतला की उतार लाकडाकडे येतो, मग तो बसत नाय, घसरतो, आन घसरला की कुठं जाईल ते अल्लालाच ठाऊक. रावजीचा कोयता लोहारानं वेगळा घडवलेला, उलटा. मी पोरवयात एकदा तो उचलला तर रावजीनं माझ्या हातातनं काढून घेतला, बोलला, युसूफ, ठेव तो, तुझा पाय खाईल. मी हसलो होतो तवा.

कोयता निवडायचा कसा तेपण अब्बांनीच शिकवलं. दोन बोटांवर झुलवायचा आन गोट्यानं हलकेच मारायचा. आवाज लांबत गेला तर घे, थप्प झाला तर लोहारानं पाणी नीट पाजलेलं नाय, ठेवून दे, मग तो किती का चकचकीत असेना. धार लावायची ती ओल्या दगडावर, हळू, उताराच्या अंगाला. सपाट अंगाला शेवटी एकदाच दगड फिरवायचा, पुसल्यासारखा. यंत्राच्या चाकावर नाय लावायची. चाकावर लोखंड तापतं, निळं पडतं, निळं पडलं की पाणी उतरलं, मग राहिला तो नुसता पत्रा. इथं सौदीत, मदिनेच्या गॅरेजात लोक हत्यारं चाकावर घासून आणतात आन मला दाखवतात, बघ युसूफभाई कसा चमकतो. मी बोलतो, चमकतो ना, मग भिंतीला लाव.

इथं आलो त्याला आता जमाना झाला. आधी जेद्दाला गोदामात ओझी उचलली, मग ह्या मजऱ्यावर आलो. मजरा म्हंजे खजुरीची बाग, मदिनेच्या बाहेर, ती समोर दिसते ती सगळी. आमचा कफील, म्हंजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा तो मालक, अबू सालेह, म्हातारा माणूस, बोलतो कमी, झाडाखाली उभा राहून वर बघत बसतो. पहिल्यांदा त्यानं मला बाजारातला विळा दिला, मी एका झाडाला तो चालवला आन खाली उतरून माझ्या बॅगेतनं गावचा कोयता काढला. तो बघत राहिला. तवापासनं मजऱ्यावरची सगळी हत्यारं माझ्याकडे, आठवड्याला एकदा, जुम्म्याच्या आधी, मी दगड भिजवून बसायचो आन एकेकाची धार काढायचो. कोणाच्या हातात कुठलं हत्यार द्यायचं तेपण मीच ठरवतो. ह्यात मी कोणाचं ऐकत नाय, लोक मला खडूस बोलतात, बोलू दे.

आता नजीरचं सांगतो. नजीर माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, जैनबचा, एकुलता एक भाऊ, तिच्यापेक्षा बराच लहान. सासू वारल्यावर तिनंच त्याला बघितला. खाडीत होडीवर कामाला होता, होडी विकली गेली आन तो घरी बसला, दोन पोरं पदरात. जैनब माझ्या मागं लागली, त्याला तिकडं लावा, त्याला तिकडं लावा. मला मनातनं नको होतं, नातेवाईक हाताखाली म्हंजे डोक्याला ताप, पण कफिलाला विचारलं, व्हिसा निघाला, आन मी सुट्टीवर होतो तवा निघताना जैनब दारात बोलली, धडधाकट नेताय, धडधाकट परत आणा. मी बोललो, आणीन गो. बोलून गेलो. माणूस बोलून जातो आन मग ते बोलणं त्याच्या मानेवर बसतं.

नजीरला मी विचारलं होतं, कोयता चालवतोस ना? हो बोलला. खाली जमिनीवर तोडलेल्या झावळ्यांचे काटे साफ करायला बसवला, उजव्या हातानं करायचा, हळू करायचा, मला वाटलं नवा हाय, होडीवरचा माणूस, हात बसेल. उंचीची भीती त्याला नव्हती, डोलकाठीवर चढलेला माणूस तो. म्हणून खजूर उतरल्यावर जुन्या झावळ्या काढायचं काम निघालं तवा मी त्याला वर चढवला, आन माझाच कोयता दिला, माझ्याकडचा सगळ्यात चांगला, अब्बांच्या वेळचा.

खजुरीवर कसं चढतात बघितलंय का तुम्ही? झाडाला जुन्या झावळ्यांचे खुंट असतात, त्यावर पाय, आन एक जाड दोर कमरेच्या मागनं घेऊन झाडाला वळसा घातलेला. वर गेलं की दोरावर मागं रेलायचं, दोन्ही हात मोकळे. म्हंजे तुमचा सगळा जीव त्या दोरावर. आन झावळीच्या बुडाला काटे असतात, दाभणाएवढे, तोडलेल्या झावळ्या झाडाखाली पडतात त्यांचा ढीग होतो, ढीग म्हंजे काट्यांचाच. तिथं पडलेला माणूस मी बघितलेला नाय आन बघायचापण नाय.

सकाळची वेळ होती. मी पलीकडच्या झाडाखाली झावळ्या ओढत होतो, कमाल माझ्यासोबत, कमाल आमचा बंगाली, गरीब माणूस, दिवसभर पुटपुटत काम करतो. वर नजीरचा कोयता चालू होता, टच्, टच्, असा, आन मला वर बघायची गरज नव्हती, धार बसतेय का नाय ते आवाजावरनं कळतं. मग आवाज बदलला. टच् नाय, खर्र. पुन्हा खर्र. मी थांबलो. माझ्या मनात पयलं आलं ते असं, का ह्यानं माझी धार घालवली. रागानं वर बघितलं. तर कोयता त्याच्या डाव्या हातात.

काय सांगू तुम्हाला. उजवा हात दमला असणार, आन वर माणूस दमला की त्याचा खरा हात पुढं येतो, त्याला शिकवलेला हात नाय. तो मारत होता जोरात, मोकळा होऊन, आन कोयता लाकडात बसत नव्हता, खुंटावरनं घसरत खाली येत होता. खाली काय असतं? दोर. मी डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं. त्याच्या डाव्या अंगाला दोराचे पेड सुटून लोंबत होते. तीन पेडांचा दोर, दोन तुटलेले. एका पेडावर तो मागं रेलून उभा, आन त्याला काय ठाऊक नाय.

ओरडावं तर तो दचकणार, खाली बघायला मागं रेलणार आन गेलाच. नाय ओरडावं तर पुढचा घाव. तुम्हाला खोटं वाटेल पण मला अल्लाचं नाव आठवेना, जैनबचं तोंड आठवलं. मग मी हाक मारली, रोजच्या आवाजात, जेवायला बोलवावं तशी. बोललो, नजीर, थांब जरा, कोयता कमरेला अडकव. का दुल्हाभाई, बोलला तो. मी बोललो, ह्या झाडात सोंडकिडा हाय असं वाटतंय, तू झाडाला मिठी मार आन कान लाव, आत कुरतडल्याचा आवाज येतो का ऐक.

हे त्याला खोटं वाटलं नाय, का तर आम्ही तसं करतोच. खजुरीला एक लाल किडा लागतो, तो बुंध्याच्या आत शिरून झाड पोकळ करतो, बाहेरनं काय दिसत नाय, कान लावला की कधी कधी आतलं कुरतडणं ऐकू येतं. मी त्याला ते शिकवलं होतं. त्यानं कोयता अडकवला आन दोन्ही हातांनी झाडाला मिठी मारली, कान लावला, आन त्याचं वजन दोरावरनं निघून झाडावर आलं. मी कमालला डोळ्यांनी खूण केली, त्यानं वर बघितलं, त्याला समजलं, आन तो एक शब्द न बोलता झाडाखालच्या काटेरी झावळ्या ओढायला लागला, उघड्या हातांनी, हातमोजे बाजूला पडलेले ते घ्यायचंपण त्याला सुचलं नाय.

मी माझा दोर घातला, दुसरा एक खांद्यावर घेतला आन चढायला लागलो. माझे गुडघे तवाच गेलेले. चढताना मी बोलत होतो, सारखा बोलत होतो, काय ऐकू येतं का रे, नाय बोलायचा, नीट ऐक, खाली ऐक, जरा उजवीकडं ऐक, हात सोडू नको, हात सोडलास तर तुझ्याच हालचालीचा आवाज येईल. तो बोलला, दुल्हाभाई, पाय भरून आलेत, जरा मागं रेलू का? मी बोललो, नको. त्या एका शब्दात काय तरी होतं माझ्या आवाजात, त्यानं मिठी आणखी आवळली. मग हळूच बोलला, दुल्हाभाई, किडा नाय ना? मी बोललो, नाय. मिठी सोडू नको. त्यानं डोळे मिटले, मी खालनं बघत होतो, त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या आन खुंटावरनं माती माझ्या तोंडावर पडत होती.

पोचलो. त्याच्या कमरेमागनं नवा दोर घातला, झाडाला वळसा दिला, गाठ मारली, पुन्हा मारली, ओढून बघितली. मग बोललो, आता रेल. तो रेलेना. रेल रे, मी धरलंय. त्याचे हात झाडापासनं सुटेनात, मला त्याचं एकेक बोट सोडवायला लागलं. खाली उतरलो तवा कमालच्या दोन्ही हातांतनं रक्त येत होतं आन तो रडत होता, आन मी काय केलं असेल? मी नजीरच्या कानफटात मारली. मारली आन मग तिथंच मातीत बसलो.

डावरा हायेस, सांगितलं का नाय मला? तर मान खाली. बोलला, दुल्हाभाई, आमच्या घरी तो शब्द काढायचा नाय. मी आता डावरा नाय, मोडली ती सवय.

अबू सालेह आला, त्यानं तो दोर हातात घेतला, तो उरलेला एक पेड बोटानं दाबून बघितला आन बोलला, हा माणूस खलास, खुरूज. खुरूज म्हंजे घरी जायचं तिकीट, कायमचं. मी हात जोडले, बोललो, वर नाय पाठवत त्याला, खाली काटे काढेल. कफील बोलला, आता काढेल, वसंतात काय करेल? वसंतात झाडावर चढून नर झाडाचा फुलोरा मादी झाडाच्या फुलात बांधायचा असतो, तवाच फळ धरतं, तवा खालचं काम नसतं. तोपर्यंत चढला तर राहील, नाय तर घर. खरं सांगायचं तर नजीरला घरच हवं होतं. तो झाडांकडं बघेचना, जेवताना झाडाकडे पाठ करून बसायचा. आन घरी जाऊन काय करणार होता? होडी नाय, काय नाय, दोन पोरं. मला दोन्ही बाजूंनी भीती, ठेवला तर जीव जाईल, पाठवला तर पोट.

जैनबला सांगायचं नव्हतं, पण संध्याकाळी फोनवर तिनं माझ्या आवाजावरनं ओळखलं, ती ओळखते. सांगितलं सगळं. कोयता कुठल्या हातात होता ते तिनं पुन्हा विचारलं. मग बोलली, तो डावरा हाय. मीच मोडलं ते. अम्मा बोलायची, डाव्या हातानं खाणं वाईट, आन जेवायला बसला की मी माझ्या ओढणीनं त्याचा डावा हात पाठीमागं बांधायची. तो रडायचा, मी गाठ घट्ट करायची. मग तो खेळतानापण डावा हात लपवायला लागला, अम्मा खूश झाली. एवढं बोलली आन रडायला लागली. मी बोललो, तू पोर होतीस गो, तुला काय ठाऊक. पण मला तिची दया आली तेवढीच चीडपण आली, ते खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी मी कफिलाला हे सांगितलं. तो दाढीवरनं हात फिरवत बसला, मग बोलला, खाणं उजव्या हातानं, बरोबर हाय. पण झावळी कापताना तो खातोय का? एवढंच बोलला आन गाडीत बसून गेला. मला रावजी आठवला. रावजीचा हात कोणी बांधला नव्हता. मी जैनबला फोन लावला, बोललो, लोहाराकडं जा, रावजीचा कोयता होता तसा उलटा घडवून घे, गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचा, दोनदा वाजवून बघ, आवाज लांबला तरच घे. ती बोलली, मी वाजवू? मी बोललो, तूच वाजव.

गावातली एक म्हातारी उमऱ्याच्या यात्रेला येत होती, तिच्या सामानातनं कोयता आला, सुक्या जवळ्याच्या आन कोकमाच्या मधोमध, जेद्दाला तपासणीवाल्यानं विचारलं हे काय, तर ती बोलली नारळाचं, आन त्यानं सोडलं, म्हातारीचं तोंड बघूनच सोडलं असेल. मी मदिनेत जाऊन पुडकं घेऊन आलो. जुन्या कपड्यात गुंडाळलेलं, वर कपड्याचीच गाठ. नजीरसमोर ठेवलं. तो त्या गाठीकडं बघत बसला. जैनबला तो आपा बोलतो. बोलला, ही आपाची गाठ. दुहेरी. लहानपणी ही मला कधी सुटायची नाय. मी सुरी पुढं केली, कापून टाक, तर बोलला, नको. डाव्या हातानं सोडवायला बसला, बराच वेळ लागला, मी मुद्दाम दुसरीकडं बघितलं.

मग धार लावायची होती, आन इतकी वर्षं जे केलं ते माझ्या हाताला उलटं करता येईना. दगड फिरवायला गेलो की हात आपसूक चुकीच्या अंगाला जायचा. अंगठा कापला माझा, ह्या वयात, कमाल बघून हसला. शेवटी नजीर बोलला, द्या इकडं, तुम्ही सांगा, मी लावतो. मी सांगत गेलो, हळू, उताराच्या अंगाला, पाणी घाल, आता सपाट अंग, एकदाच. त्याच्या डाव्या हाताला ते असं येत होतं का मला बोलायचं काय उरलंच नाय. कोयता बोटांवर झुलवून वाजवला. आवाज लांबत गेला. जैनबनं चांगला निवडला होता.

वसंताच्या तोंडाला त्याला चढवायचा ठरवला. त्याच झाडावर. दोर नवा, मी स्वतः तपासलेला, दोनदा. कफील लांब उभा, गाडीला टेकून. नजीर बुंध्याशी गेला, आन चढायच्या आधी त्यानं झाडाला कान लावला, माझ्याकडं बघितलं, हसला नाय, आन चढला. मी खाली उभा राहिलो, वर बघायची माझी हिंमत नव्हती. मी डोळे मिटून नुसता ऐकत होतो. दोराचा आवाज, खुंटावर पायाचा आवाज, मग बराच वेळ काय नाय, आन त्या वेळात मी जैनबच्या दारात उभा होतो. मग आवाज आला. टच्. झावळी खाली आली. पुन्हा टच्. कमाल माझ्या शेजारी मोठ्यानं काय तरी बोलला बंगालीत, मला कळलं नाय, पण मीपण तेच बोललो असतो. कफील गाडीत बसला आन निघून गेला, म्हंजे झालं, नजीर राहिला.

आता मी चढत नाय. गुडघे बोलतात बस कर. ह्या साली इकामा, इथं राहायचा परवाना, संपला की जायचं, कायमचं, जैनबला सांगितलंय. दगड नजीरला दिलाय, आठवड्याला हत्यारं आता तोच लावतो, उजव्यांची मी शिकवली तशी, स्वतःचं त्याचं त्याला येतं. जुन्या मोठ्या झाडावर तो आन कमाल दोन बाजूंनी चढतात, समोरासमोर, एक उजवा, एक डावरा, अब्बा आन रावजीसारखे, आन मी खाली स्टूल टाकून ऐकत बसतो. दुपारी सगळे एका थाळीत जेवतो. नजीर उजव्या हातानं घास घेतो, बिस्मिल्ला बोलून, आन डावा हात मांडीवर तसाच मोकळा ठेवतो. तो मोकळा हात मी रोज बघतो. अल्ला त्याला रोज धडधाकट खाली उतरवो, दुसरं काय मागायचं मी.